नाश्त्याला काय होतं?

डॉक्टरांचे जावई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून सासऱ्यांच्या हॉस्पिटलात शिरले, तेव्हा सिस्टरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते त्यांना आपल्या खुर्चीत बसून काढायचे होते; या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? जावई एका कंपनीत पेट्या वेळेवर रवाना करायचे, म्हणजे माणसंही करता येतील असा त्यांचा हिशेब होता. दिवसाला सहा ऑपरेशनं होत, ती नऊ करायची होती.

दोन दिवस ते सिस्टरांच्या मागे घड्याळ दाबत उभे राहिले.

"पप्पा, घोडं इथे अडतंय. ऑपरेशनआधीच्या चौकशीत सिस्टर एका पेशंटमागे अकरा मिनिटं घालवतात. त्यातली नऊ नुसत्या गप्पा."

"अहो, बावीस वर्षं आहेत त्या इथे."

"म्हणूनच अकरा लागतात."

दिवसभर लोकांची पोटं बेधडक उघडणारे डॉक्टर जावयापुढे तोंड उघडत नसत. सिस्टरांची रवानगी मागच्या खोलीत जुन्या फायलींकडे झाली आणि त्यांच्या जागी आला एक फॉर्म. बारा प्रश्न, चौकोनात खूण करायची. तिसरा प्रश्न होता, 'रात्रीपासून उपाशी आहात का?' लोक पटापट 'हो'वर खूण करू लागले. अकरा मिनिटांची दोन झाली, आणि जावयांनी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सोमवारी हर्नियाचे आजोबा टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी एक दणदणीत ढेकर दिला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सुई हातातच राहिली.

"आजोबा, काही खाल्लंत?"

"छे! दोन बिस्किटं फक्त. बुडवायला दूध."

"मग उपाशी आहे म्हणून खूण का केलीत?"

"नाही केली तर नंबर जातो म्हणे. बाहेर सगळे तेच सांगतायत."

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन कडाडल्या. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर माणूस टेबलावरच जाईल, जबाबदार कोण? मग चौकशी झाली. पित्ताशयवाल्या बाईंनी पाव खाल्ला होता, अपेंडिक्सवाल्याने आईला वाईट वाटू नये म्हणून शिरस्त्याप्रमाणे पोटभर जेवण केलं होतं. त्या दिवशी दोन ऑपरेशनं झाली. उरलेले सात मंगळवारी आले, मंगळवारचे बुधवारी ढकलले, आणि गुरुवारपर्यंत नातेवाईक जिन्यावर बसून एकमेकांशी भांडू लागले. सहाची नऊ करायला गेलेल्यांची दोनांवर बोळवण झाली होती.

शुक्रवारी जावई मागच्या खोलीत गेले. स्टॉपवॉच खिशात होतं. स्टूल ओढून ते सिस्टरांजवळ बसले.

"किती धूळ आहे हो इथे! तुम्हाला त्रास होत असेल. चहा तरी झाला का?"

पाच आठवड्यांत कुणी एवढं विचारलं नव्हतं. सिस्टरांचे डोळे भरून आले.

"तुमच्या वेळी असं एकदाही झालं नाही म्हणे," जावई म्हणाले. "काय करायचात तुम्ही?"

"काही नाही हो. उपाशी आहात का, असं विचारलं की माणूस घाबरतो आणि हो म्हणतो. मी त्याच्या घरचं, मुलाबाळांचं विचारायची, आणि मधेच म्हणायची, आज नाश्त्याला काय होतं? लगेच सांगून मोकळे होतात."

जावयांनी मान डोलावली, मनापासून आभार मानले. आता आपल्याला खुर्चीत परत बसवणार, या भोळ्या आशेने सिस्टरांनी सोमवारसाठी गणवेशाला कडक इस्त्री केली.

सोमवारी फॉर्म नवा होता. तिसरा प्रश्न, 'आज नाश्त्याला काय होतं?' लोक इमानेइतबारे लिहीत होते: चहा, केळं, काल रात्रीपासून काही नाही. खाल्लेल्यांना दारातूनच दुसरी तारीख मिळत होती. महिन्याभरात दिवसाला नऊ ऑपरेशनं बिनबोभाट होऊ लागली. वाईट याचंच वाटतं, की ती खरोखरच झाली.

मग डॉक्टरांनी सिस्टरांना बोलावलं आणि टेबलावरचं पाकीट पुढे सरकवलं. जुन्या फायली संगणकात गेल्या होत्या, मागची खोली पेशंटच्या खाटांसाठी हवी होती.

"मन घट्ट करून देतोय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आमच्या घरच्याच आहात."

"घरच्यांना असं पत्र देतात का, डॉक्टर?"

जावयांनी दारातून आत डोकावून पाहिलं.

"पप्पा, पुढच्याला भूल देऊन झालीय."

डॉक्टर सुटल्यासारखे उठले.