कुंदामावशींची शेअरिंग रूम

आजारी माणसाला बघायला जाताना लोक शहाळं नेतात. आमच्या मजल्यावरच्या कुंदामावशी भिंग नेतात. विचारपूस दोन वाक्यांत उरकायची आणि लगेच हात पुढे, "पॉलिसी आण."

मावशी कोर्टात टायपिस्ट होत्या. रिटायर झाल्या, पण कलमं वाचायची खोड काही गेली नाही. विम्याचा कुठलाही नियम कुणी सांगितला की त्यांचं एकच, "कुठे लिहिलंय? दाखवा!" आमच्या मनवेलपाड्यातले एजंट या बिल्डिंगचा जिना चढायला कचरतात.

माझी पॉलिसी मी मेव्हण्याच्या शब्दावर घेतली होती, हप्ता कमी म्हणून. पुढे बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. विमा पहिल्यांदाच वापरायचा, म्हणून मी ऐटीत डिलक्स रूम सांगितली. तासाभरात मावशी भिंग घेऊन हजर.

"अरे शहाण्या, कंपनीने खोलीच्या भाड्याला मर्यादा घातलीय. तू महागडी खोली घेतलीस की नुसत्या भाड्याला नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन, सगळ्यालाच त्या प्रमाणात कात्री! वर बिलाचा पाचवा हिस्सा तुझ्याच खिशातून. सही करताना डोळे काय गहाण ठेवले होतेस?"

"मेव्हणा म्हणाला होता..."

"मेव्हणा कुठे लिहिलाय? दाखव!"

बायकोला सलाइनसकट साध्या खोलीत हलवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मावशींशी मात्र गुलूगुलू. बिल हातात आलं तेव्हा मी मावशींना मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

त्यांची स्वतःची पॉलिसी दोन वर्षं एजंटांना घाम फोडून निवडलेली. हप्ता चढा, पण खोलीला मर्यादा नाही आणि पदरचा हिस्साही नाही. "मी आजारी पडले ना, तर राणीसारखी सिंगल रूममध्ये लोळणार," हे आम्ही शंभरदा ऐकलेलं.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो, तर बाई शेअरिंग रूममध्ये! माझं टाळकंच सरकलं. तसाच खाली गेलो आणि काउंटरवर हात आपटला.

"म्हातारं माणूस एकटं बघून फसवता? त्यांना सिंगल रूम मिळते. शेअरिंग मागितली असं कुठे लिहिलंय? दाखवा!"

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. सिंगलवर काट मारलेली आणि खाली मावशींच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, शेअरिंग.

वर आलो. शेजारच्या खाटेवर गिरीज गावच्या, केळीची वाडी असलेल्या एक आजी होत्या. मावशी त्यांची पॉलिसी भिंगाखाली धरून वाचत होत्या आणि आजी म्हणत होत्या, "बाय, परत एकदा वाच."

"मावशी, सिंगल का सोडलीत? हक्क होता तुमचा!"

मावशींनी पदराने भिंग पुसलं. "सिंगल रूम घरी आहे की रे, हे गेल्यापासून. तिथे भिंतीलाच वाचून दाखवते."

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या दारात गेलो होतो तो फक्त कागद घेऊन. स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात वॉचमन आला. "साहेब, भेटायची वेळ संपली."

वेळेची पाटी दारावरच होती, हातभर अक्षरांत. मी स्टूल मावशींच्या खाटेजवळ ओढलं आणि ठाण मांडून बसलो.

"कुठे लिहिलंय? दाखवा!"