जबड्याचा व्यायाम आणि एकशे तीन मेंढ्या

क्लेम हॅरिगनच्या जबड्यातून आवाज येऊ लागला, त्याला सहा महिने झाले होते. तोंड उघडलं की कानाजवळ 'कट्', मिटलं की पुन्हा 'कट्'. सकाळी तो टोस्ट चावायला लागला की त्याची बायको डॉट टेबलापलीकडून म्हणायची, "रेडिओ मोठा कर रे, हवामान ऐकू येत नाही."

आधी त्याला वाटलं, कान बिघडला. कानात थेंब घालून झाले. मग वाटलं, दाढ किडली. दंतवैद्य नको नको म्हणत असताना याने हट्टाने ती उपटून घेतली. दाढ ठणठणीत निघाली आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. शेवटी वरांबी गावात नव्याने आलेल्या इंग्रिड नावाच्या फिजिओथेरपिस्टने त्याच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली आणि आ करायला सांगितलं. जबडा खाली येता येता डावीकडे सरकला.

"कान नाही, दाढ नाही. जबड्याचा सांधा धरलाय," इंग्रिड म्हणाली. "झोपेत दात खाता का?"

"दिवसासुद्धा खातो," डॉट म्हणाली.

"कसली काळजी आहे का?"

काळजी अशी होती की क्लेमला शेत विकून समुद्रकाठी राहायला जायचं होतं. चाळीस वर्षं मेंढ्यांमागे धावून कंटाळा आला, असं तो भेटेल त्याला सांगत असे. डॉटला मात्र शेत सोडायचं नव्हतं. सहा महिने घरात हाच वाद. शेवटी डॉट म्हणाली होती, "बरं, येते. पण आपल्या नावावर एक जरी मेंढी उरली ना, तर मी इथून पाऊल हलवणार नाही. सांगून ठेवते." क्लेमने त्याच आठवड्यात शेवटची मेंढी विकून टाकली. शेताच्या कागदावर येत्या सोमवारी सही व्हायची होती आणि घरात खोकी भरणं चाललं होतं.

इंग्रिडने पथ्य सांगितलं. मऊ खायचं, शेक घ्यायचा, रात्री दातांवर पट्टी लावून झोपायचं. मोठी जांभई द्यायची नाही, ओरडायचं तर मुळीच नाही, नाहीतर जबडा उघडाच अडकून बसेल. शिवाय दर दोन तासांनी व्यायाम. एक बोट कानापुढे, अंगठा हनुवटीखाली, जीभ टाळूला. तोंड सावकाश उघडायचं, सावकाश मिटायचं. सहा वेळा, अजिबात न चुकता.

क्लेम हा सांगितलेलं अगदी अक्षरशः करणारा माणूस. मंगळवारी सकाळी दहा वाजता तो गावच्या मेंढीबाजारात होता. घ्यायचं काही नव्हतं, विकायला काही उरलं नव्हतं, पण चाळीस वर्षं दर मंगळवारी माणूस जिथे जातो तिथे पाय आपोआप वळतात. नेहमीच्या कठड्याला टेकून तो उभा राहिला. घड्याळात दहा वाजलेले दिसले. त्याने कानापुढे बोट टेकवलं, हनुवटीखाली अंगठा लावला, डोळे मिटले आणि व्यायाम सुरू केला.

आता वरांबीच्या बाजारात बोली काही कोणी ओरडून लावत नाही. शेजाऱ्याला कळता कामा नये ना! कोणी टोपी सरकवतो, कोणी भुवई उडवतो, आणि लिलाव करणाऱ्या बार्नी टुलीला ज्याची त्याची खूण पाठ असते. क्लेमची खूण म्हणजे कानापाशी बोट. आपण आता गिऱ्हाईक नाही, हे क्लेमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बार्नीच्या डोक्यात नव्हतं.

"वा रे वा, क्लेम!" मेंढ्या कोंडलेल्या वाडग्यांवरच्या फळ्यांवरून चालता चालता बार्नी मनात म्हणाला आणि बोली वाढवली.

व्हिन्स कसार हा खाटकांसाठी माल उचलणारा व्यापारी. त्याने भुवई उडवली. क्लेमने तोंड मिटून पुन्हा उघडलं. बोली वाढली. व्हिन्सने पुन्हा भुवई उडवली. क्लेमने पुन्हा उघडलं. सहाव्या वेळी व्हिन्सने हात टेकले.

"दिल्या! बासष्ट मेंढ्या, क्लेम हॅरिगन!"

क्लेमने डोळे उघडले. सगळा बाजार त्याच्याकडे पाहत होता.

"नाही!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. कानाजवळ मोठ्ठा 'कट्' झाला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मिटेचना! कळ अशी आली की त्याने दोन्ही हातांनी कान धरले. बार्नी तोवर पुढच्या वाडग्यापाशी पोचला होता.

"अरे, दोन्ही कान! हेही पाहिजे म्हणतोस? तुझी हौस दांडगी आहे बाबा!"

व्हिन्सचं धाबं दणाणलं. तो शेजारच्याला म्हणाला, "गेल्या आठवड्यात सगळ्या विकल्या आणि आज दोन्ही हातांनी घेतोय. याला काहीतरी कळलंय. पाऊस येणार, गवत होणार, मेंढ्यांचे भाव चढणार, बघ." शेजारच्याने ते त्याच्या शेजारच्याला सांगितलं. बघता बघता टोप्या सरकायला लागल्या, भुवया उडायला लागल्या. क्लेमला ओरडून नाही म्हणता येईना आणि कान सोडवेना. दुसरं वाडगंही त्याच्याच गळ्यात पडलं. एक्केचाळीस मेंढ्या.

तेवढ्यात डॉट आली. तिच्या हातात क्लेमसाठी उकडून कुस्करलेल्या भोपळ्याचा डबा होता.

"अभिनंदन, डॉट!" बार्नी वरून म्हणाला. "एकशे तीन झाल्या तुमच्या."

"काय एकशे तीन?"

"मेंढ्या!"

डॉटने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आ वासून उभा. "आ, आ," करत तो जबड्याकडे बोट दाखवत होता आणि दुसऱ्या हाताने नाही नाही म्हणत होता. एकदा नाव पुकारलं की माल त्याचा, हा बाजाराचा नियम डॉटला ठाऊक होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती अशी हसत होती, आणि ते पाहून क्लेमला समुद्र दूर जाताना दिसू लागला.

व्हिन्स धावत आला. "डॉट, दोन्ही वाडगी मी घेतो. तुमच्या किमतीवर मेंढीमागे पाच डॉलर जास्त!"

क्लेमने जोरजोरात मान डोलावली. व्हिन्सचा हात धरून तो हलवू लागला.

"थांब व्हिन्स," डॉट म्हणाली. "आधी याचं तोंड मिटू दे. स्वतःच्या तोंडाने विकतो म्हणाला तर विक म्हणावं."

बाजारात टेस नावाची जनावरांची डॉक्टर होती. तिला ओढत आणलं.

"माणसांच्या तोंडात हात घालायचा परवाना नाही मला," टेस म्हणाली. "आणि मी फक्त घोड्यांचे जबडे बसवलेत."

"चाळीस वर्षांत याच्यात आणि घोड्यात मला काही फार फरक दिसला नाही," डॉट म्हणाली. "घाल तू हात."

टेसने इंग्रिडला फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अंगठ्यांना रुमाल गुंडाळा," फोनमधून इंग्रिड म्हणाली. "मागच्या दाढांवर टेकवा. आधी खाली दाबा, मग मागे ढकला. सावकाश. जबडा बसला की तोंड फटकन मिटतं, बोटं सांभाळा."

क्लेमला उलट्या बादलीवर बसवलं. टेसने खाली दाबलं, मागे ढकललं. खट्कन आवाज झाला आणि तोंड मिटलं. क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिन्स खिशात हात घालून तयारच होता.

"बोल आता," डॉट म्हणाली. हसू मावळलं होतं आणि डबा तिने छातीशी घट्ट धरला होता. "विकायच्या असतील तर विक. मी तोंडातून ब्र काढणार नाही. सोमवारी मुकाट्याने गाडीत बसेन."

क्लेमने जबडा जरासा उघडून पाहिला, मिटून पाहिला. मग तो बादलीवरून उठला आणि कठड्यापाशी गेला. एकशे तीन तोंडं त्याच्याकडे बघत होती. त्याने एकेकीवरून नजर फिरवली.

"ती बघ," शेवटी तो म्हणाला. "कोपऱ्यातली. लंगडतेय. मागचा खूर वाढलाय तिचा. घरी गेल्यावर आधी तो छाटला पाहिजे." मग त्याला आठवलं. "पण छाटायची कात्री खोक्यात गेली असेल."

"नाही," डॉट म्हणाली. "ती मी भरलीच नव्हती."