एका शनिवारात जाळी साफ

"एका शनिवारात साफ करतो," असं मी सोसायटीच्या सभेत म्हणालो, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा विश्वास बसणार नाही.

अमेरिकेतल्या टॅकोमा शहराच्या वेशीवर आमची चोवीस घरांची वसाहत. मागच्या बाजूला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण झाली. तिने कुंपण गिळलं, बाकडं गिळलं, आणि या उन्हाळ्यात रॉय निशिमोतोच्या गाडीची अर्धी जागाही घशात घातली. औषध मारावं की माणसं लावावीत, यावर दोन वर्षं नुसता काथ्याकूट चालला होता. मी वेंडेल स्ट्रँड, चौतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात मला बागसमितीचा अध्यक्ष केलं होतं, तेही बिनविरोध.

माझी योजना साधी होती. जाळीवर लांब फळी टाकायची, तिच्यावरून मधोमध जायचं आणि मूळच छाटायचं. शनिवारी बायको, मॅव्हिस, बहिणीकडे गेली आणि मी फळीवर चढलो. आठ पावलं झकास पडली. नवव्याला फळी सरकली आणि मी जाळीच्या पोटात.

ब्लॅकबेरीचा काटा आत सहज येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. हात हलवला की बाही अडकायची, बाही सोडवली की पँट. कात्री कुठे पडली देव जाणे. फोन घरी, चार्जिंगला. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, आणि तिथे नाक खाजवायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात बादल्यांचा आवाज आला. रॉय आणि शेजारची इर्मा बेरी तोडायला आले होते. मी हाक मारणार, इतक्यात इर्मा म्हणाली, "वेंडेल आज जाळी तोडणार होता ना?"

"विसरला असेल. बरंच झालं, तुझा मुरांबा वाचला."

"बिचारा. त्याला अध्यक्ष केलं ते चुकलं का रे आपलं?"

"करणार काय? मॅव्हिस माझ्या घरी येऊन रडकुंडीला आली होती. म्हणाली, याला काहीतरी काम द्या. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालंय, आता तो माझ्या मागेमागे फिरतो."

आता ओरडलो असतो, तर मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी चूप राहायचं ठरवलं. पण मनातून इतका चरफडलो की पाय झटकला गेला आणि अख्खी जाळी हलली.

"रॉय," इर्मा हळूच म्हणाली, "आत अस्वल आहे."

रॉयने बादली बडवायला सुरुवात केली. बघता बघता निम्मी वसाहत जमली. कोणी भांडी वाजवतंय, कोणी मुलांना घरात ढकलतंय, कोणी वनखात्याला फोन लावतंय. जितकी माणसं वाढली, तितकं तोंड उघडणं अवघड झालं. मी अस्वलच राहिलो. अस्वल कंटाळून निघून गेलं असं वाटून लोक पांगतील, अशी माझी भाबडी आशा.

वनखात्याची बाई आली. तिने सगळ्यांना मागे हटवलं, कानोसा घेतला. नेमका तेव्हाच मला ठसका लागला.

"अस्वलाला सर्दी झालीय का?" तिने विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो. "वेंडेल."

बाहेर इतकी शांतता पसरली की मला भांडी परवडली असती. मग इर्माचा आवाज आला, "कधीपासून आहेस तिथे?"

"बिजागऱ्यांच्या आधीपासून."

अकरा जणांनी कात्र्या आणल्या. दीड तास छाटून माझ्यापर्यंत वाट काढली. मी बाहेर आलो, पँट आत राहिली.

संध्याकाळी मॅव्हिस चिमट्याने माझ्या पाठीतले काटे काढत होती.

"तू त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"हो."

"मला सांगायचंस."

"तुलाच सांगत होते. तू ऐकताना एका जागी थांबतोस कुठे?" मी पहिल्यांदाच न हलता बसलो. पाठीत अजून काटे होते, हेही एक कारण.

दुसऱ्या दिवशी इर्मा मुरांब्याची बाटली घेऊन आली. "उरलेल्या जाळीसाठी समितीने भाड्याने शेळ्या आणायचं ठरवलंय," ती म्हणाली. "वीस आहेत. दिवसभर त्यांच्या मागे फिरायला कोणीतरी हवं."

मी मॅव्हिसकडे पाहिलं. कोरडी बशी ती फार मन लावून पुसत होती.

मला सगळं कळलं होतं. तरी मी विचारलं, "किती वाजता येऊ?"