साडूंचा गोल्फ आणि माझा फुटबॉल

माझे साडू सुदामराव कुणाचाही हात हातात घेतात ते रामराम करायला नव्हे, दाबून बघायला. लग्नात, एसटी स्टँडवर, एकदा तर आम्ही मयताला गेलो होतो तिथंही. समोरच्याचा पंजा दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यानं तळवा चेपायचा, मनगट जरा हलवून बघायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "नव्वद." समोरच्याला वाटतं, ह्यांनी आपलं आयुष्य सांगितलं. तो बिचारा हरखून चहा पाजतो.

प्रत्यक्षात तो आकडा असतो गोल्फच्या बॉलचा. बॉल किती कडक, ते त्या आकड्यावर कळतं म्हणे. शंभर म्हणजे दगड, ऐंशी म्हणजे मऊ. ज्याचा फटका जोरदार त्यानं शंभरचा घ्यावा, ज्याचा हात हलका त्यानं ऐंशीचा. उलटं केलं तर बॉल पळत नाही आणि मनगट ठणकतं. आता न्हावऱ्यासारख्या खेड्यात गोल्फ खेळतंय कोण, हे त्यांना विचारायची सोय नाही. "उद्या खेळावं वाटलं तर? आपला बॉल म्हाईत असावा," असं त्यांचं उत्तर तयार असतं.

आता ह्या माणसाचं आणि माझं नातं सांगतो, म्हणजे माझ्या पोटात का दुखतं ते कळेल. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. मी थोरला, दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सुदामराव धाकटे, सणसवाडीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला. सासुरवाडी न्हावऱ्याची. पण माझं असं झालं की सासरे माझे सख्खे मामा. मामाचीच मुलगी केली. त्यामुळं मी त्या घरात जावई कधी झालोच नाही. लहानपणी चड्डीवर जायचो तेव्हा "ए रंग्या" होतो, लग्नात मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढलो तेव्हाही "ए रंग्या, नीट हुभा ऱ्हा"च होतो. आणि हे सुदामराव भांडगावचे, परके. त्यांना पहिल्या दिवसापासून "सुदामराव", "तुम्ही", "बसा".

चैत्रात जत्रेला आम्ही दोघंही जायचो. घरात एकच धड खुर्ची, ती सुदामरावांना. कोंबडीच्या रश्श्यात तंगडी, ती सुदामरावांना. मी मामींकडं नुसतं बघितलं की मामी म्हणायच्या, "तू काय बाबा, घरचाच." घरचाच! ह्या एका शब्दावर मी आजवर किती रस्सा गमावलाय, माझं मला ठाऊक.

त्यात ह्या माणसाला गोल्फ लागला. कारखान्याचा कोरियन साहेब रविवारी पुण्याला खेळायला जायचा. सुदामराव रस्ते दाखवायला म्हणून गेले आणि साहेबाची पिशवी उचलता उचलता त्यांना खेळ कळायला लागला. साहेब मायदेशी परतताना जुन्या काठ्या आणि पिशवीभर बॉल ह्यांना देऊन गेला. आणि जाता जाता एक पदवीही देऊन गेला. हौशी खेळाडूला इंग्रजीत 'अमॅच्युअर' म्हणतात, ते ह्यांच्या कानाला 'आमचूर' ऐकू आलं. पहिल्याच जत्रेला ओट्यावर बसून ते म्हणाले, "मामा, आपुन आमचूर प्लेअर. साहेबांनीच सांगितलं."

"आमटीत घालत्यात त्ये?" मामींनी आतून विचारलं.

मी फिदीफिदी हसलो, तर मामा माझ्यावरच डाफरले. "तुला कळतंय का काय त्यातलं?" दुसऱ्या दिवशी पारावर मामा सांगत होते, "आमचं धाकटं जावई आमचूर खेळाडू हायेत. तालुक्यात दुसरा न्हाई." बरोबर आहे, तालुक्यात दुसरा आमचूर फक्त वाण्याकडं होता.

ज्वारी काढलेल्या रानात सुदामराव खेळायचे. अंगात ताकद बेताची, पण नेम म्हणाल तर काय सांगू! बांधावरच्या बाभळीच्या दोन फांद्यांमधून बॉल काढून पलीकडं ठेवलेल्या घमेल्यात टाकायचे. सारी आळी बघायला जमायची. एकदा एक बॉल शेजारच्या कांद्याच्या ढिगात गेला तो सापडलाच नाही. पांढराच कांदा, पांढराच बॉल. पोती भरून मार्केटला गेली आणि तिथून व्यापाऱ्याचा निरोप आला, "तुमचा एक कांदा चिरंना झालाय." मामा हे सांगताना डोळे पुसत पुसत हसायचे. आणि माझ्या हातून मागं विहिरीत एक पाना पडला होता, तर मामा दिवस मावळेपर्यंत मला शिव्या घालत होते. पाना जास्त महाग की बाजारातली इभ्रत, तुम्हीच सांगा.

पण ते सगळं मी गिळलं असतं. मला खरं लागलं ते निराळंच. सुदामरावांनी सगळ्या घराचे हात दाबले. मामांना म्हणाले, "शंभर. शंभर नंबरी." मामा वर्षभर तेच सांगत फिरले. मामींना नव्वद. डेअरीवर दुधाचं फॅट काढणाऱ्याला नव्वद. ऐंशीचा हात मात्र आपल्या भागात सापडत नाही, असं ते म्हणायचे. सगळे राबणारे, तळवे घट्टे पडलेले. मग माझा हात घेतला. चेपला, मनगट हलवलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात सोडून म्हणाले, "बघू."

बघू! पुढच्या जत्रेलाही "बघू". त्याच्या पुढच्या जत्रेलाही तेच. फॅट काढणाऱ्याला बॉल आहे आणि थोरल्या साडूला नाही? गोल्फचं मला काडीचंही कौतुक नव्हतं, पण तो आकडा मला हवा होता. रात्री दौंडला अंथरुणावर पडून मी स्वतःचाच तळवा चेपून बघायचो. बायको म्हणायची, "अहो, झोपा आता, मुंग्या आल्यात का हाताला?"

शेवटी मी चिडलो. पुण्याच्या जुन्या बाजारातून माझा मीच एक बॉल आणला. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात भारी दे. मोठमोठे खेळाडू वापरतात तसला, गुळगुळीत, लोण्यासारख्या सालीचा. जत्रेला सगळ्यांसमोर सुदामरावांची काठी हिसकावून घेतली आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून हाणला. काठी बॉलच्या डोक्यावर बसली. बॉल चार पावलं गेला आणि त्याची साल टराटरा फाटली. आतून रबराचा दोरा निघाला तो निघतच राहिला. लांबच लांब! मामींनी तो गुंडाळून घरात नेला आणि पुढं महिनाभर मेथीच्या जुड्या त्यानं बांधल्या.

"बॉलचं काय चुकलं न्हाई, साडूभाऊ," सुदामराव हळहळत म्हणाले. "जोड चुकली. भारी बॉल मऊ सालीचा असतो. आपल्यासारख्या आमचुरानं जाड सालीचा घ्यावा. कसाबी हाणा, फाटत न्हाई."

लोक हसले, मामा सगळ्यात मोठ्यानं. मी त्या दिवशी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही. घरचाच ना.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. पाइपाच्या तळाला पाण्यात जी झडप असते, तिला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात. त्यात कचरा अडकला की संपलं. मी नुकताच जेवून कलंडलो होतो.

"ए रंग्या, उठ की! खाऊन लोळतोय नुसता. फुटबॉल बघ जा," मामा ओरडले. आणि लगेच त्याच तोंडानं, निराळ्या आवाजात, "सुदामराव, तुम्ही बसा. खुर्ची सावलीला घ्या."

म्हणजे बघा. साडूच्या नशिबी गोल्फचा बॉल आणि माझ्या नशिबी हा फुटबॉल. धुसफुसत पाना घेतला आणि विहिरीत उतरलो. पाणी खाली गेलेलं. गुडघाभर चिखलात उभा राहून मी पाइप ओढत होतो, तेवढ्यात वरच्या पायरीवर पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट दिसले. सुदामराव.

मग माझा संयम सुटला. "साडूभाऊ, सगळ्या गावाचे हात दाबलेत. माझा आकडा कधी सांगणार?"

"तुमचा मला गावंनाच झालाय," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याम्होरं कवा साधा हात दिलाच न्हाई. हातात हात घेतला की मूठ आवळताय. काठी घेतली की माझ्यावरच्या रागानं हाणताय. रागाचा हात खोटा असतो. बॉल घ्यायचा त्यो रोजच्या हातावर."

"राग येणार नाही तर काय! खुर्ची तुम्हाला, तंगडी तुम्हाला, सावली तुम्हाला. आणि थोरला जावई विहिरीत! जळतो मी तुमच्यावर. सरळच सांगतो."

मला वाटलं, आता भांडण होणार. सुदामराव पायरीवर बसले. "आन् मी तुमच्यावर," ते म्हणाले.

"माझ्यावर? ह्या फुटबॉलवर?"

"मामा आत्ता तुमाला काय म्हणले? ए रंग्या, उठ की. आन् मला? तुम्ही बसा. लगीन झाल्यापास्नं बसूनच हाय मी, साडूभाऊ." ते बुटाच्या नाडीशी चाळा करत होते. "आई-बाप ल्हानपणीच गेले. चुलत्याकडं वाढलो, तितं बी पावण्यावानीच. कंपनीत पोरं सर म्हणत्यात. साहेब मिस्टर म्हणायचा. लग्नाची बायकू, पन शोभा बी अहो म्हणती. आरं म्हणून हाक मारणारं मला एक मानूस न्हाई."

इतकी वर्षं ज्या हाकेनं माझा अपमान होत होता, तिच्यावर हा माणूस टपून बसला होता. मी म्हटलं, "मग उतरा खाली. पाना धरा."

बूट न काढता ते उतरले. चिखलात पाय रुतले तरी तोंडावर असं हसू, जसं मला कुणी खुर्ची दिली असती तर आलं असतं. मी फुटबॉल उघडला, कचरा काढला, ते पाना धरून शेजारी उभे. तेवढ्यात वरून मामांचं डोकं डोकावलं. "झालं का रं?"

आणि सुदामरावांच्या हातातून पाना सुटून मधल्या खोल पाण्यात गेला. डुबुक!

"आरं ए बावळटा!" मामा गरजले. "हात दिल्यात का खुरं दिल्यात रं देवानं!"

मग मामांना दिसलं, कुणाचा हात होता ते. त्यांनी जीभ चावली. "सुदामराव, तुम्ही हाय व्हय! मला वाटलं रंग्याच. माफी करा."

"आसू द्या मामा," सुदामराव वर बघत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "ऐकलंत? आरं म्हणले. बावळट पन म्हणले."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंच. खुर्ची, तंगडी त्याची होतीच. माझ्या हक्काच्या एवढ्या शिव्या होत्या, त्यातही वाटेकरी आला.

"ए रंग्या, पळ, शिरूरवरनं दुसरा पाना आण," मामा म्हणाले. मग जरा घुटमळून सुदामरावांना म्हणाले, "आन् तुम्ही पन जावा की त्याच्यासंगं." बसा म्हणाले नाहीत. सुदामराव माझ्याआधी पायऱ्या चढून वर पोचले.

मोटरसायकल मी चालवत होतो, ते मागं बसले होते. एक शंका मला स्वस्थ बसू देईना. बाभळीच्या दोन फांद्यांतून बॉल काढणारा माणूस, त्याच्या हातातून पाना सुटतोच कसा? "खरं सांगा, साडूभाऊ," मी ओरडून विचारलं, "पाना सुटला का सोडला?"

आधारासाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो जरा दाबला. अंगठ्यानं चेपून बघितलं. माझा खांदा तेव्हा ढिला होता, रस्त्यावरच्या खड्ड्यांकडं लक्ष होतं.

"ऐंशी," ते म्हणाले.

माझ्या हातून हँडल सुटायचंच बाकी राहिलं. "ऐंशी? मामांना शंभर, फॅटवाल्याला नव्वद आणि मला ऐंशी?"

"माझा बी ऐंशीच हाय," मागून आवाज आला. "इतकी वर्सं एकटाच होतो."