दाविदनानांचं अनुमोदन

माझ्या लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं, "या विवाहाला कोणाची हरकत आहे काय?" आणि दुसऱ्या बाकावरचे एक उंच, काटकुळे गृहस्थ उठून उभे राहिले. माझी आई मटकन खाली बसली. खरं तर ती आधीच बसलेली होती. गृहस्थांनी घसा खाकरला. "हरकत नाही. माझं अनुमोदन आहे. लिहून घ्या."

हे दाविदनाना, माझे चुलत सासरे. धुळ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीचे कैक वर्षांचे चिटणीस. सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय जगात काहीही घडू नये, असं त्यांचं मत. रविवारी आमच्याकडे जेवायला आले आणि मी "नाना, भरीत वाढू?" म्हणालो, की भाकरी मोडत म्हणणार, "सूचना आली. अनुमोदन कोणाचं?" माझ्या बायकोने मान हलवली की मगच ताट पुढे. मिरची जास्त झाली तर, "सौम्य निषेध नोंदवा!"

मी मंडळीचा पंच कसा झालो, हेही सांगून टाकतो. वार्षिक सभेत मला डुलकी लागली. मान पुढे पडली, ती नानांनी संमती म्हणून नोंदवली. जाग आली तेव्हा लोक माझं अभिनंदन करत होते.

आमचं चर्च मिशनरींच्या काळातलं, काळ्या दगडाचं. बाकं भरपूर, माणसं मोजकी; पोरं पुण्याला गेली ती नाताळापुरती येतात. शेजारी जुन्या मिशन शाळेचा हॉल, बरीच वर्षं बंद. गेल्या थंडीत आमचे नवे, तरुण पाळक उपासनेनंतर म्हणाले, "आपल्या वाडवडलांनी इथं शाळा चालवली, दवाखाना चालवला. आज आपण या गावाच्या काय कामाचे? हॉलचं काय करायचं, ते आज ठरवूनच उठू."

झालं! पेंगणारी मंडळी खडबडून जागी झाली.

"अभ्यासिका काढा!" शालिनीबाई उठल्या. "खेड्यातली पोरं परीक्षांचा अभ्यास करायला जागा शोधत फिरतात."

"लग्नाचं कार्यालय करा!" लाजरसभाऊ गरजले.

"म्हणजे तुमच्या मंडपाच्या धंद्याची सोय!"

"आणि तुमच्या क्लासची नाही का, बाई?"

मी तर उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंनी ओरडलो.

इतक्यात नाना उठले. मागून कोणीतरी कण्हलं, "गेलं पुढच्या सभेवर!" कारण नानांनी आजवर दुसऱ्यांच्या सूचना पुढे ढकलल्या होत्या; स्वतःची एकही मांडली नव्हती.

"सूचक मी," नाना म्हणाले. "सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन येणारे लोक आपल्या भिंतीला लागून चुली मांडतात. पार सातपुड्यातून येतात, थंडीत उघड्यावर पडतात. हॉल त्यांना द्या. अनुमोदन कोणाचं? हात वर करा."

आम्ही इतके चकित झालो, की हात उठेनात. माझा उठला होता, पण वाटेत टक्कल लागलं, ते खाजवून परत आला.

तेवढ्यात दाराशी एक हात वर झाला. आवारातल्या नळावर पाणी भरायला आलेली एक म्हातारी, कडेवर कळशी. तिला वाटलं, ज्यांना जागा हवी त्यांचे हात मोजताहेत; तिने सगळ्यांसाठी जागा मागितली. "तीन माणसं शेतस, आबा. बठ्ठासले जागा शे का?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "नाना, या सभासद नाहीत. नियमाप्रमाणे..."

"नियम मीच लिहिलेत, साहेब. हात वर आहे ना? बाई, नाव सांगा."

मग जो गलका झाला! शालिनीबाईंनी पदर खोचून झाडू घेतला. लाजरसभाऊ टेम्पोभर सतरंज्या घेऊन आले, वर म्हणाले, "कार्यालय नाही तर नाही, मंडपवाला तर आहे!" मी दोन जळमटं काढली आणि दहा जणांना सांगितली.

जाळं झटकता झटकता बायको म्हणाली, "काकू नाशिकला ॲडमिट होती ना, तेव्हा नाना दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपायचे. आम्हाला सांगायचे, लॉजवर आहे म्हणून."

संध्याकाळी सगळे पांगले. नाना हॉलच्या पायरीवर बसून राहिले. काकू गेल्यापासून घरी त्यांची वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे निघायची घाईही नाही. मागच्या अंगाला चूल पेटली होती. म्हातारी हाताचं पीठ झटकत दारात आली.

"आबा, जेवनात का?"

रविवारी आम्ही त्यांना बोलावतो खरं. पण दिवस मावळताना दारातून 'जेवलात का' असं कोणी विचारणं वेगळं. नानांनी चष्मा पुसला.

"नाही," ते म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.