साडेचार किलोचं जाकीट

आमच्या समोरच्या दारातले परुळेकरकाका नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. त्याला नीट चालताना बघतात, डोळे बारीक करतात आणि त्याला किती किलो द्यायला हवेत ते सांगतात. आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी मी अंजलीचं शिलाई मशीन उचलून भराभर जिना चढत होतो. काका वरून उतरत होते. कठड्याला टेकून मला वाट देत म्हणाले, "सात. तुम्हाला सात किलो तरी द्यायला पाहिजेत."

मला वाटलं, गृहस्थ रद्दीवाले असावेत.

रद्दीशी त्यांचा काही संबंध नव्हता. काकांची सगळी नोकरी मुंबईच्या रेसकोर्सवर, वजनाच्या खोलीत झाली. शर्यतीआधी जॉकी आपलं खोगीर घेऊन काट्यावर बसतो, शर्यत झाली की परत बसतो, आणि दोन्ही वेळचं वजन जुळावं लागतं. जो घोडा तगडा, त्याला जास्त वजन. मग खोगिराखालच्या कापडाला खिसे असतात, त्यांत शिशाच्या पट्ट्या घालून ते वजन भरायचं. या पट्ट्या काकांच्या ताब्यात.

"म्हणजे चांगलं पळणाऱ्याला शिक्षाच की," मी एकदा बोलून गेलो.

काका दुखावले. "शिक्षा कसली रे जयंता? सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एकदम आले पाहिजेत. नाकाला नाक. तसे आले की समजायचं, वजन बरोबर लागलं."

माझे सात किलो माझ्या चालीसाठी होते. मी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तपासनीस आहे, आणि मला कुणाच्या मागे राहणं सहन होत नाही. भाजी आणायला गेलो तरी मी पुढे आणि अंजली दहा पावलं मागे, हातात पिशवी. काका गॅलरीतून बघत आणि ओरडत, "सात!" मी ती शाबासकी समजून चालत होतो.

सोसायटीने एकदा त्यांच्याकडे सव्वीस जानेवारीच्या मुलांच्या शर्यती सोपवल्या. काकांनी आठ दिवस गॅलरीत बसून मुलांचं पळणं बघितलं, आणि शर्यतीच्या सकाळी किलो-किलोचे मिठाचे पुडे घेऊन हजर झाले. पहिल्या नंबरच्या पोराच्या कमरेला तीन पुडे, दुसऱ्याच्या दोन, आणि तळमजल्यावरची गुबगुबीत तन्वी मोकळी. सगळी पोरं दोरीशी जवळजवळ एकदम पोचली. तन्वी तिसरी आली आणि आनंदाने रडायलाच लागली. पहिल्या नंबरच्या पोराचे वडील मात्र सेक्रेटरीच्या अंगावर धावून गेले. पुढच्या वर्षीपासून शर्यती बंद होऊन चित्रकला स्पर्धा सुरू झाली. काकांनी ते मीठ घरोघर वाटलं.

रेसकोर्सबद्दल बोलायला लागले की काका खुर्चीत सरसावून बसायचे. त्यांचे मामा तिथे मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. त्यांनीच या भाच्याला गावाहून आणून चिकटवलं. "काय दिवस होते रे! शर्यतीच्या दिवशी रंगीत टोप्या घातलेल्या बायका, गिरणीतनं सुटून तडक आलेले कामगार, पुढे बडे साहेब. घोडे वळणावर आले की सगळं मैदान उभं राहायचं. आम्हाला खोलीत दिसायचं काहीच नाही. नुसता आवाज ऐकून कळायचं, जवळ आले." त्यांनी आयुष्यात एकदाही पैसे लावले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मी वजन घालणार आणि मीच पैसे लावणार? काट्याला काय तोंड दाखवू?"

एका जॉकीची गोष्ट ते हमखास सांगत. दोन दिवस अर्ध्या सफरचंदावर राहून तो काट्यावर बसला, तरी वजन पावशेर जास्त भरलं. घोडा गेला दुसऱ्याकडे. तो पोरगेलासा माणूस खोगीर मांडीवर घेऊन काट्यावरच रडत बसला. "उठ म्हणायला मला जीभच उचलेना," काका म्हणत.

मग हळूहळू गर्दी ओसरली. लोक घरी बसून फोनवर खेळायला लागले. मैदानाच्या गॅलऱ्यांत कबुतरं झाली. मोतद्दारांची मुलं रिक्षा चालवायला लागली, बरेच घोडे दुसऱ्या गावी गेले. काकांच्या शेवटच्या वर्षी एका शर्यतीला पाच घोडे पळाले, आणि घोडे वळणावर आले तरी खोलीत काही ऐकूच आलं नाही. "शर्यत संपली हे मला जॉकी आत आला तेव्हा कळलं," ते म्हणाले. निरोपाला साहेबांनी काय हवं ते विचारलं, तर यांनी जुन्या शिशाच्या नऊ पट्ट्या मागून घेतल्या. एकेक अर्ध्या किलोची. त्या टीव्हीखाली मांडलेल्या असत, जिथे लोक चषक ठेवतात.

सुमनकाकू शाळेत शिक्षिका होत्या. बोलणं स्वच्छ, चाल ताठ. निवृत्तीनंतर दोघं रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जात, आणि काकू नेहमी पुढे असत. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात जवळजवळ गेला, उजवा पाय ओढत चालू लागला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "चालणं सोडू देऊ नका. त्या एकदा खुर्चीत बसल्या की पुन्हा उठणार नाहीत."

काकू पंधरा दिवस चालल्या. काका चार पावलं पुढे जात आणि विजेच्या खांबाशी थांबत. सावकाश चालून बघितलं तर ते काकूंच्या लगेच लक्षात येई. एक दिवस त्या रस्त्यातच थांबल्या. "माझी कीव करू नका. मला वाट बघणारी माणसं नकोत," म्हणाल्या, आणि उलट्या फिरल्या. मग दोन महिने त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. पाय सुजायला लागले. काका आमच्याकडे येऊन बसत, चहा घेत नसत. मला किती किलो द्यायचे हेही सांगणं बंद झालं होतं.

आणि अचानक दोघं पुन्हा रस्त्यावर दिसायला लागली. काकांच्या अंगात एक बिनबाह्यांचं खाकी जाकीट होतं. डोंबिवलीच्या मे महिन्यात माणसाला बनियन नकोसा होतो, आणि हे गृहस्थ जाकिटात. चालही एकदम मंदावली होती, खांदे उतरलेले, धाप लागलेली. काकू शेजारून चालत होत्या आणि कितीतरी दिवसांनी हसत होत्या. "अहो, पाय उचला जरा!" अंजलीला म्हणाल्या, "यांचं वय झालं गं एकदम. आता मलाच थांबावं लागतं."

मला काळजी वाटली. एकदा देवळाच्या पारावर काकांनी जाकीट काढून ठेवलं. काकू पलीकडे फुलवालीशी बोलत होत्या. त्यांना द्यायला म्हणून मी ते उचललं, तर माझा हात खाली गेला. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"साडेचार," ते हळूच म्हणाले. "आधी तीन घालून बघितलं, मी पुढे जायचो. नंतर एक जुनी इस्त्रीपण घातली, मीच मागे पडलो. साडेचारला बरोबर लागलं. सावकाश चालायचं सोंग मला जमत नाय रे, तिने किती पोरांची सोंगं पकडलीत. हे सोंग नाय. मला खरंच याच्याहून भरभर चालता येत नाय."

मी कुणाला सांगितलं नाही, अंजलीलासुद्धा नाही. अडीच वर्षं ती दोघं नाकाला नाक देवळाशी पोचत होती.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. आदल्या सकाळीही त्या चालून आल्या होत्या.

तेरावं झाल्यावर काका एकटे फिरायला बाहेर पडले, जाकिटाशिवाय. चाल इतकी भराभर की मलाही गाठता येईना. देवळाशी पोचले आणि तिथे काय करायचं ते न सुचून उभे राहिले. मला ते बघवलं नाही.

आठवड्याने जाकीट घडी करून आमच्याकडे घेऊन आले. "हे वॉचमनला दे. शिसं काढून ठेवलंय. खिसे एकदम पक्के आहेत." मग अंजलीकडे वळून म्हणाले, "तुझेच उपकार, पोरी. दोनदा शिवून दिलेस."

"मी? मी कधी शिवले, काका?"

"सुमन म्हणायची ना. शिवण उसवलीय, अंजलीकडे टाकलंय, मशीन आहे तिच्याकडे. मी घाबरलेलो, पण ती काही बोलली नाही, तेव्हा वाटलं तिला कळलं नसेल, तूच शिसं काढून गुपचूप परत घातलंस. परत आलं तेव्हा नऊच्या नऊ पट्ट्या जागेवर होत्या."

अंजलीने जाकीट खिडकीशी नेलं आणि खिसे उलटे केले. आतून चारही खिशांना पोपटी सुती कापडाचं अस्तर लावलं होतं. काकूंच्या रोजच्या नेसणीतल्या साडीचं. टाके दुहेरी दोऱ्याचे, मोठाले, वेडेवाकडे.

"हे मशीनचे नाहीत," अंजली म्हणाली. "हे डाव्या हाताने घातलेत, काका."

काकांनी जाकीट मांडीवर घेतलं. एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडतील. रडले नाहीत. "तिला ठाऊक होतं," एवढंच म्हणाले, आणि जाकीट घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा ते मला पुढे दिसले. अंगात जाकीट, खिसे जड. रस्त्याच्या कडेला एका माणसाची जागा सोडून ते सावकाश देवळाकडे चालले होते. मला त्यांना सहज गाठता आलं असतं. मी मागेच राहिलो.