रजई की यंत्र?

आमच्या पिंप्राळ्यातल्या घरी बाहेरगावचा पाहुणा आला की पाणी आम्ही देतो आणि झडती शेजारचे नाना घेतात. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की ते बनियनवरच फाटकाशी येऊन उभे राहतात. उजवा हात आडवा. "माल कुठला? पाठवला कोणी? पावती?"

माझी बायको दर दिवाळीनंतर शिरपूरहून माहेरची पिशवी भरून आणते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण न तपासता ती पिशवी एकदाही घरात आलेली नाही. एकदा तिच्या आईने दिलेलं बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पुडकं नानांनी तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पावणेदोन किलो. जाऊ द्या." कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत घालून बघितलं तर दीड भरलं. वाण्याने लगेच हात जोडले आणि तराजू दुरुस्तीला पाठवला.

नाना तीस वर्षं धुळे रोडच्या जकात नाक्यावर नोकरीला होते. असं सांगतात, म्हणजे मीच सांगत असतो, की एकदा त्यांनी केळीच्या ट्रकची इतकी बारकाईने मोजणी केली की हिरवी केळी नाक्यावरच पिकली. ड्रायव्हरने तिथेच दुकान मांडलं आणि जाताना क्लीनरचं लग्नही गावातच जमवून गेला. दुसऱ्यांदा त्यांनी एक वऱ्हाडाची बस अडवली. नवरदेवाकडे बोट दाखवून विचारलं, "हा गावात राहणार, की गावातून पुढे जाणार?" पुढे जाणाऱ्या मालाला जकात नसते. नवरदेव निघाला घरजावई. राहणार म्हटल्यावर नानांनी शांतपणे फॉर्म काढला.

माझा टायपिंगचा क्लास आहे. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं कलेक्टर कचेरीपासून दीपनगरच्या वीजकेंद्रापर्यंत सगळीकडे चिकटली. मी मात्र आहे तिथेच, नानांच्या शेजारी. त्यामुळे नगरपालिका, वीज मंडळ, एसटी अशा सर्वांकडे नानांनी केलेले सगळे अर्ज माझ्याच बोटांतून गेले आहेत. माझी बोटं आता थकली आहेत. झोपेतसुद्धा ती 'सविनय' टाइप करतात, असं बायको म्हणते.

नानांचा मुलगा विजू. दीपनगरला इंजिनिअर होता, तिथून अमेरिकेत गेला. ओहायो. नाना त्याला 'ओव्हायो' म्हणतात. पहिलं वर्षभर त्याचं दर आठवड्याला निळं एअरोग्राम यायचं. मग महिन्याला. मग एक छापील शुभेच्छापत्र, खाली नुसती सही. नंतरच्या दीड वर्षात अशी दोन कार्डं आली, बस. नाना कधीमधी एसटीडी बूथवरून फोन लावायचे. समोर मीटरचे लाल आकडे पळायला लागले की त्यांचं तोंड बंद पडायचं. "जेवलास का? बरं. ठेवतो." शेजारी उभ्या असलेल्या माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर सावरून पुढे व्हायच्या, तोवर रिसीव्हर जागेवर गेलेला असायचा.

अशातच एका मे महिन्यात पोस्टातून चिठ्ठी आली: अमेरिकेहून पार्सल आलं आहे, कस्टम ड्युटी भरून घेऊन जावे. आतल्या मालाचं नाव होतं, विजेवर तापणारी रजई.

मे महिना. पिंप्राळा. दुपारी नळाला थेट आधण येतं, त्यात फक्त साखर-पत्ती टाकायची बाकी असते. गल्लीतलं कुत्रं भुंकण्यासाठी तोंड उघडतं आणि विचार बदलतं. आणि पोरानं बापाला धाडलं काय, तर पांघरूण, तेही तापणारं! वर ते तिकडच्या विजेवर चालणारं. आमच्या बटनाला लावलं असतं तर रजईबरोबर अर्धी कॉलनी उबदार झाली असती.

"विजूला तिकडे थंडी वाजत असेल," नाना म्हणाले. "त्याला वाटलं, आपल्यालाही वाजत असेल."

मी त्यांच्याबरोबर पोस्टात गेलो. पोस्टमास्तर सज्जन होते. त्यांनी घोळ समजावून सांगितला. विजूने रजई स्वतः बांधून धाडली नव्हती. तिकडच्या एका कंपनीच्या कॅटलॉगमधून पसंत केली, पैसे कंपनीला पाठवले आणि कंपनीने ती परस्पर नानांच्या पत्त्यावर रवाना केली. "घरच्या माणसाने धाडलेली भेट असती तर ड्युटी माफ झाली असती. पण आत दुकानाचं बिल आहे. मुंबईच्या कस्टमच्या साहेबाला कसं कळणार की ही भेट आहे म्हणून?"

"मी सांगतो ना!"

"तुम्ही घेणारे. पाठवणाऱ्याने लिहून द्यायला पाहिजे. तोवर पार्सल राहू द्या इथे."

घरी आल्यावर माई म्हणाल्या, "पैसा भरी टाका आनि लई या. पोऱ्यानी धाडेल शे."

"मी भरू?" नाना कडाडले. "तीस वर्षं मी दुसऱ्यांकडून भरून घेतलं! आणि भरायचं कोणाला, तर कष्टमला! नावातच कष्ट शेत त्याच्या! मास्तर, काढा मशीन."

मी मशीन काढलं. मुंबईला अर्ज केला आणि विजूने काय लिहून द्यायचं त्याचाही नमुना तयार केला. बक्षीसपत्रात असतं तसं इंग्रजीत ठोकून दिलं. नानांनी अर्थ विचारला. "सदर वस्तू मी माझ्या वडिलांना नैसर्गिक प्रेम व मायेपोटी दिली आहे."

नानांनी कागद हातात घेतला. "हे विजूने लिहायचं?"

"हो. खाली सही."

"लिहील?"

"कायदा आहे नाना. लिहावंच लागेल."

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. जाडजूड. वर चार ओळींत प्रेम व माया, खाली सही. आणि कागद शिल्लक होता म्हणून की काय, विजूने खाली आणखी दोन पानं लिहिली होती. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पाय घसरून पडलो. शेजारच्या म्हातारीकडे आपल्या बैलाएवढं कुत्रं आहे. भरीत करावं म्हणून वांगं भट्टीत भाजलं तर धुराने घंटा वाजली आणि आगीचा बंब आला, बंबवाल्यांनी भाकरीबरोबर भरीत खाल्लं आणि मिरची लागली म्हणून आपल्याच नळीने पाणी प्यायले. (बंबापर्यंतचं विजूचं. पुढचं मी गल्लीत सांगताना घातलं.)

नानांनी कात्री घेतली, वरचा भाग रेघेवर कापला आणि तेवढाच मुंबईला पाठवला. खालची दोन पानं माईंना चारदा वाचून दाखवली. पाचव्यांदा वाचायला मला बसवलं.

पुढे प्रकरण रंगत गेलं. मुंबईने विचारलं, बिलावरचं नाव आणि सहीतलं नाव वेगळं का? विजूने खुलासा केला, खाली तीन पानं. मुंबईने विचारलं, ही रजई समजायची की विजेचं यंत्र? दोन्हींचा दर वेगळा. नानांनी बाजू लावून धरली की कापूस ही वस्तू खान्देशाला कोणी शिकवू नये, ही रजईच आहे. विजूचा खुलासा, खाली चार पानं. मुंबईकडून महिनाभर काही विचारणा झाली नाही, तर नानांनी स्वतःच अर्ज केला, की आमच्या अर्जात काही त्रुटी असल्यास कृपया कळवाव्यात. असा अर्ज मुंबईच्या साहेबाने जन्मात पाहिला नसावा.

माई मला म्हणायच्या, "बठ्ठी दुनिया पोऱ्याले पत्र लिखस. ह्या सायेबले लिखतस, तवय पोऱ्यानं पत्र येस." आणि नानांकडे बघून हसायच्या. पावसाळाभर पोस्टमन आला की दोघंही ओट्यावर असायची. पार्सल सुटतंय का, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं मला आठवत नाही.

मी मात्र पार टेकीला आलो होतो. एकेका अर्जाच्या पाच पाच प्रती. माझ्या मशीनचं 'ट' अक्षर झिजून नाहीसं झालं, 'कस्टम'ऐवजी नुसतं 'कस् म' उठायला लागलं. म्हणून दसऱ्यानंतर मुंबईचा निकाल आला तेव्हा मी अख्ख्या क्लासला पेढे वाटले. भेट म्हणून मान्य. ड्युटी पूर्ण माफ. प्रकरण बंद.

नानांनी कागद दोनदा वाचला. "बंद म्हणजे?"

"म्हणजे जिंकलात! आता कोणी काही विचारणार नाही."

"विजूला पण नाही?"

"कोणालाच नाही."

नाना पेढा न खाताच गेले. रजई घरी आली. माईंनी ती ऊन दाखवून, वायरीसकट घडी घालून कॉटवर ठेवली. दिवाळी झाली. विजूचं छापील कार्ड आलं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. पोस्टमन यायचा आणि सायकलवरून न उतरता पुढे जायचा.

एका दुपारी क्लास रिकामा असताना नाना आले, समोरच्या स्टुलावर बसले. हातात तो निकाल होता.

"मास्तर, मुंबईला अर्ज करायचाय."

"आता कसला? सगळं माफ झालंय ना?"

"तेच. चूक झालीय त्यांची. लिहा. सदर रजईवर ड्युटी लावण्यात आलेली नाही, हे नियमाला धरून नाही."

मी बोटं मशीनवरून उचलली. "नाना, शुद्धीवर आहात ना? स्वतःवर ड्युटी लावा म्हणून अर्ज?"

"तीस वर्षं नाक्यावर काढली मी. माल असा फुकट सुटलेला बघवत नाही. लिहा पुढे. सदर वस्तू रजई नसून यंत्र आहे."

"सहा महिने आपण उलटं लिहीत होतो!"

"मग आता सुलटं लिहा. वायर आहे, बटन आहे. यंत्रच ते." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आणि शेवटी टाका, की पाठवणाऱ्याकडून खुलासा मागवण्यात यावा."

मी कार्बन घातले. पाच प्रती. माझी दमलेली बोटं त्या दिवशी कुरकुरली नाहीत. अर्ज संपत आला तेव्हा एक शब्द मी माझ्या पदरचा घातला आणि कागद त्यांच्या हातात दिला. नाना ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'पाठवणाऱ्याकडून सविस्तर खुलासा मागवण्यात यावा.' त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कागद परत मशीनवर ठेवला.

"'सविस्तर'च्या खाली," ते म्हणाले, "रेघ मारा."